फक्त ॲव्हरेजसाठी रिमॅप करू नका

सपाटरस्ता (धागाकर्ता)

"टर्बो गाडी आहे ना, मग रिमॅप करून टाका. पिकअप वाढेल आणि वर ॲव्हरेजही दोन-तीनने वाढेल." ट्यूनरकडे, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं (ईसीयू) सॉफ्टवेअर किंवा 'फाईल' बदलून देणाऱ्याकडे, गेलात की हे ऐकायला मिळतंच. या बदलालाच रिमॅप म्हणतात. पिकअपचं मला मान्य आहे. ॲव्हरेजचं पटत नाही, आणि लोक त्या आशेवर वीस-तीस हजार मोजतात म्हणून हे लिहितोय.

आपल्याकडची सगळ्यात ओळखीची टर्बो डिझेल घेऊ, जुन्या स्विफ्टमधलं १.३ मल्टीजेट: १२४८ सीसी, ७५ पीएस, २००० आरपीएमला १९० न्यूटन मीटर. सपाट रस्त्यावर गाडी पाचव्यात ८० ने चाललीय. हवा कापायला आणि टायर फिरवायला जी ताकद लागते ती लागणारच, ईसीयूमध्ये कुठली फाईल आहे याच्याशी तिचा संबंध नाही. तुम्ही तेवढीच मागता, इंजिन तेवढंच डिझेल घेतं. वाढवलेला बूस्ट (टर्बोने इंजिनात दाबलेली हवा) आणि वाढवलेलं डिझेल कामाला येतं ते पाय खाली दाबल्यावर.

मग वाढलेलं ॲव्हरेज दिसतं कुठे? मीटरच्या डिस्प्लेवर. तो आकडा टाकीतून गेलेलं डिझेल मोजून येत नाही. अमुक मिलिग्रॅम डिझेल सोडायचं असं ईसीयू ठरवतं आणि त्याचीच बेरीज तिथे दाखवतं. इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा, हा तक्ता ट्यूनरने वाढवला की प्रत्यक्षात डिझेल जास्त जातं आणि बेरीज जुनीच राहते. बाहेरून जोडायच्या ट्यूनिंग बॉक्समध्ये तर हे आणखी सरळ घडतं. बॉक्स रेल प्रेशरचा, म्हणजे इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलच्या दाबाचा, सिग्नल कमी करून दाखवतो, ईसीयू खरं प्रेशर वाढवतं, डिझेल जास्त जातं, आणि डिस्प्लेला याचा पत्ताच नसतो. म्हणजे ज्या काट्यावर वजन करायचं, त्याच काट्याला हात लावलेला असतो. टाकी ते टाकी न मोजता कोणी ॲव्हरेज सांगितलं तर मी ते धरत नाही.

घाटवाटा

साहेब, मी टाकी ते टाकीच मोजलंय. तोच पंप, तेच मशीन, नोझल आपोआप बंद होईपर्यंत, त्यानंतर एक थेंब नाही. हेच १.३ आहे, फिक्स्ड टर्बोवालं, म्हणजे ज्याच्या टर्बोची रचना बदलत नाही. लिटरमागे साधारण दीड किलोमीटर जास्त देते.

तुमचं गणित सपाट रस्त्याचं आहे. माझं जाणं-येणं पुणे–सातारा, मध्ये खंबाटकी. मूळ फाईलवर चढणीला तिसऱ्यात गाडी दम सोडायची, मग दुसरा टाकायचा आणि तीन हजारावर इंजिन ओरडत वर न्यायचं. आता तीच चढण तिसऱ्यात, दोन हजाराच्या थोडं वर, पाय अर्धाच दाबलेला. ताकद तेवढीच लागते, पण फेरे कमी म्हणजे इंजिनाच्या आतलं घर्षण कमी. कमी फेरे आणि जास्त लोड, तिथेच डिझेल इंजिन सगळ्यात काटकसरीने चालतं. शहरातही मी आता गिअर लवकर वर टाकतो. माझा फायदा डिस्प्लेचा नाही.

सपाटरस्ता

गिअर लवकर वर टाकता येतो, हा मुद्दा मला मान्य. खरा फायदा झालाच तर त्याच वाटेने होतो. पण त्यालाही हद्द आहे. फिक्स्ड टर्बोला फिरवायला एक्झॉस्टचा जोर लागतो आणि दीड हजाराला तो पुरेसा नसतो. फाईल कशीही लिहा, तिथे हवा वाढत नाही. हवेविना डिझेल वाढवलं की मागून काळा धूर. म्हणून तर याच १२४८ सीसीचं ९० पीएसवालं रूप काढताना टर्बोच बदलला, व्हेरिएबल जॉमेट्रीचा (पात्यांचा कोन बदलणारा) घातला, तेव्हा १७५० ला २०० न्यूटन मीटर मिळाले. नुसत्या सॉफ्टवेअरवर ते भागलं असतं तर महागडा टर्बो कोणी बसवला नसता.

आणि घाटात वाचलेलं डिझेल एक्सप्रेसवेवर जातं का, तेही बघा. अंगात ताकद आली की माणूस ८० वर राहत नाही. ८० चे १०० केले की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो.

तीन_सिलिंडर

डिझेलचं राहू दे, पेट्रोलबद्दल कोणी बोलत नाही. माझी १.० टीएसआय टर्बो, ९९९ सीसी, ११५ पीएस. ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आल्यापासून ॲव्हरेज उतरलंय हे मला पंपावर कळतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलंय की मूळ साध्या पेट्रोलसाठी बनवून ई-१० ला जुळवलेल्या चारचाकी ई-२० वर ६ ते ७ टक्के कमी देतील, आणि ई-१० साठी बनवून ई-२० ला जुळवलेल्या १ ते २ टक्के. म्हणजे जुळवण्याने फरक पडतो, हे सरकारी कागदच सांगतो. ई-२० चा ऑक्टेन, म्हणजे वेळेआधी न पेटण्याची क्षमता, जास्त असतो. मग इग्निशन पुढे घेऊन (ठिणगी थोडी आधी पाडून) गेलेलं थोडंफार परत का मिळवू नये? कंपनीने तर देशातल्या सगळ्यात वाईट पेट्रोलचा विचार करून फाईल लिहिलेली असते.

लॅम्बडा_एक

ताई, प्रश्न रास्त आहे, पण जास्त ऑक्टेनचा उपयोग कुठे होतो ते बघा. टर्बो पेट्रोलमध्ये नॉकिंगच्या (मिश्रण अवेळी पेटून ठोके बसण्याच्या) भीतीने इग्निशन मागे ठेवलेलं असतं ते जोरात ओढताना. तिथे तुमचा ट्यूनर खरंच काहीतरी मिळवून देईल. पण हायवेवर एका लयीत चालताना लोड कमी असतो, नॉकिंगचा प्रश्नच नसतो, आणि इग्निशन आधीच योग्य जागी असतं. दिवसातला बहुतेक वेळ गाडी तिथेच असते.

मिश्रण पातळ करून वाचवू म्हणाल तर तेही नाही. एक्झॉस्टमधले वायू साफ करणाऱ्या थ्री-वे कॅटलिस्टला हवा आणि पेट्रोल नेमक्या प्रमाणात लागतं, साध्या पेट्रोलला १४.७ ला १. ऑक्सिजन सेन्सर बघत राहतो आणि ईसीयू मिश्रण तिथेच आणून ठेवतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जाच पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, ती फाईलमधून येणार नाही.

आणि घाटवाटांचं कमी फेरे, जास्त लोड हे सूत्र तुमच्या गाडीला लावू नका. डायरेक्ट इंजेक्शनच्या छोट्या टर्बो पेट्रोलला दीड हजारावर वरच्या गिअरमध्ये जोरात ओढायला लावलं की ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटू शकतं. त्याला लो-स्पीड प्री-इग्निशन म्हणतात. त्यात पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटते. रिमॅपने नेमका तिथलाच टॉर्क वाढतो.

धूर_नको

सगळे खिशाचं बोलताय. डिझेलमध्ये इंधन वाचवायचा एक खरा मार्ग आहे: इंजेक्शन थोडं आधी करायचं, ईजीआर (एक्झॉस्टचा काही भाग परत इंजिनात सोडणं) कमी करायचा. कंपन्यांना तो माहीत नाही असं नाही. तसं केलं की नायट्रोजन ऑक्साइड वाढतात म्हणून तो सोडलेला असतो. २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं जे बाहेर आलं ते या सॉफ्टवेअरचंच होतं. टेस्टमध्ये एक वागणूक, रस्त्यावर दुसरी, आणि जगभरात १ कोटी १० लाख गाड्या. भारतातही सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

आपल्या पीयूसीत डिझेलचा फक्त धूर बघतात, नायट्रोजन ऑक्साइड बघतच नाहीत. म्हणजे ट्यूनरने हे केलं तरी पकडलं जाणार नाही, आणि कात्रज चौकात उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत ते जाणार. बीएस-६ गाडीतून डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काढून "ॲव्हरेज वाढवून देतो" म्हणणारे तर सरळ विष विकताहेत. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच: कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत.

घाटवाटा

डीपीएफ काढणाऱ्यांच्या बाजूने मी एक शब्द बोलणार नाही. माझी बीएस-४, तिला डीपीएफच नाही. ईजीआर चालू ठेवूनच फाईल करून घेतली, तसं आधीच सांगितलं होतं, आणि मूळ फाईलची कॉपी पेन ड्राइव्हवर मागून घेतली. पण वॉरंटीतली गाडी असती तर मी हात लावला नसता. कंपनीच्या स्कॅनरला फाईल बदललेली कळते आणि मग क्लेम हातचा जातो.

धूर_नको

ईजीआर चालू ठेवला, ठीक. इंजेक्शनचं टायमिंग कुठल्या आरपीएमला किती पुढे घेतलं, हे विचारलंत का?

घाटवाटा

नाही विचारलं. फाईल माझ्याकडे आहे, ट्यूनरकडून दोन्ही शेजारी उघडून बघतो.

सपाटरस्ता

टायमिंगचा तक्ता दोन हजाराच्या खाली आणि अर्ध्या पायावर जसाच्या तसा असेल, तर तुमचं दीड किलोमीटर गिअरमुळे आलं असं मी मान्य करेन. पुढे घेतलेला असेल तर ते धूर_नको म्हणतात तिथून आलं. आणि जमलं तर ओबीडी (ईसीयूतले आकडे वाचणारं यंत्र) लावून खंबाटकीची चढण आणि शिरवळजवळचा सपाट तुकडा, दोन्हीचं लॉग घ्या: आरपीएम, बूस्ट, रेल प्रेशर. मूळ फाईल टाकूनही एकदा तेच. एसी बंद, टायरमध्ये हवा सारखी.

घाटवाटा

घेतो. पण मूळ फाईलवर घाट चढताना माझी चिडचिड होणार, तीही लॉगमध्ये धरा.