गंगावन येतं कुठून, हे होलसेलवाल्याला विचारायचं कसं?

कृष्णाकाठची
मी सांगलीत नवरीचा मेकअप करते, अकरा वर्षं झाली. पार्लर म्हणजे घराचीच पुढची खोली. हल्लीच्या मुलींचे केस खांद्यापर्यंत, पण नऊवारीवर अंबाडा मात्र आजीसारखा हवा. मग गंगावन आलंच. वर्षाला पंचवीस-तीस नग लागतात, मुंबईच्या एका घाऊकवाल्याकडून मागवते. पाकिटावर सोनेरी अक्षरांत 'शंभर टक्के ह्यूमन हेअर' आणि मागे मुंगीएवढ्या अक्षरांत चीन.

परवा एका नवरीच्या डोक्यात पिना खोवत होते, तर तिची मावशी म्हणाली, "हे त्या तुरुंगातल्या बायकांचे केस तर नव्हेत ना?" तिने कुठलातरी व्हिडिओ पाहिला होता. मी हसून वेळ मारून नेली. रात्री शोधलं, तर १ जुलै २०२० ची बातमी सापडली. न्यूयॉर्क-नेवार्क बंदरात अमेरिकी कस्टमने केसांचा १३ टन माल अडवला, किंमत ८ लाख डॉलरच्या वर, आलेला चीनच्या वायव्येकडच्या शिनजियांग प्रांतातून. माझं एक गंगावन शंभर ग्रॅमचं. म्हणजे लाखाच्या वर शेपटे, एका खेपेत! ते डोळ्यांपुढून जाईना.

कपाटात नऊ नग पडून आहेत. वापरू की नको? आणि पुढचे घेताना विचारायचं तरी काय?

जर्सीकर
ताई, मी नेवार्कजवळच आयात मालाची कागदपत्रं बघते, म्हणून थोडं सांगते. तो माल शिनजियांगच्या होतान भागातल्या लोप काउंटीतल्या मेइशिन नावाच्या कंपनीचा होता. कंपनीचा माल रोखायचा आदेश १७ जूनलाच निघाला होता. आधार १९३० च्या टॅरिफ कायद्याचा, सक्तीच्या मजुरीने बनलेला माल आत येऊ द्यायचा नाही असं त्याचं ३०७ वं कलम सांगतं. मे महिन्यात केसांच्याच दुसऱ्या एका कंपनीवर असा आदेश आला होता आणि सप्टेंबरात तर लोपमधलं केसांच्या मालाचं अख्खं औद्योगिक पार्कच त्यात आलं.

पण मावशींच्या व्हिडिओत दोन गोष्टींची खिचडी झालीय. आदेश होता तो काम कुणाकडून आणि कसं करून घेतलं याबद्दल. केस कुणाच्या डोक्यावरचे, हे त्यात सिद्ध झालेलं नाही. शिनजियांगमधल्या उइगुर मुसलमानांना डांबल्याचं चीन सरकार मान्य करत नाही, ती 'व्यवसाय प्रशिक्षण केंद्रं' होती म्हणतं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ३१ ऑगस्ट २०२२ च्या अहवालात मात्र तिथले प्रकार मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकतात असं म्हटलंय.

२१ जून २०२२ पासून इथे अमेरिकेत नियम उलटा झाला. शिनजियांगचा माल सक्तीच्या मजुरीचाच धरायचा, तसा नाही हे आयात करणाऱ्याने दाखवायचं. तेव्हापासून आमच्या टेबलावर कागदांचे ढीग.

शंकासुर
मग अंगातला टी-शर्टही काढा! जगातला साधारण पाचवा हिस्सा कापूस शिनजियांगचा. आपण २०२० च्या जूनमध्ये ५९ चिनी ॲप बंद केली आणि गंगावनाचं पाकीट खुशाल येतंय. सांगलीच्या एका पार्लरने नाही घेतलं तर तिकडे कुणाची सुटका होणार आहे?

तरी विचारलंच आहे तर सांगतो. माझं कटलरीचं दुकान आहे. बाहेरून आलेल्या पाकिटावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता छापायला हवा, तसा आपल्याकडे कायदाच आहे. तुमच्या पाकिटावर आहे का बघा. नसेल तर उइगुर राहू द्या, पक्कं बिलसुद्धा मिळायचं नाही.

खानदेशी
गंमत अशी की केस बरेचदा आपलेच असतात. आमच्याकडे आई विंचरून निघालेला गुंता भिंतीच्या फटीत खोचून ठेवायची. केसवाला आला की त्या बदल्यात फुगा नाहीतर स्टीलची वाटी. त्या गुंत्याचं पुढे काय होतं, हे तेव्हा कुणाला ठाऊक? कर्नाटकात कोप्पळजवळच्या भाग्यनगरात बायका बसून तो गुंता सोडवतात, लांबीप्रमाणे लावतात. कच्चे केस म्यानमारमार्गे चोरून चीनला जातात, अशी आपल्या निर्यातदारांची ओरड होती. जानेवारी २०२२ मध्ये सरकारने कच्च्या केसांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. म्हणजे माझ्या आईचा गुंता तुमच्या नवरीच्या अंबाड्यात परत आला असेल, मधला प्रवास तेवढा विचारू नका.

जर्सीकर
एक राहिलं. चीनचा माल म्हणजे शिनजियांगचाच असं नाही. केसांच्या टोपांचं मोठं गाव हेनान प्रांतातलं शूचांग. पण २०१७ ते २०१९ मध्ये ८० हजारांवर उइगुरांना इतर प्रांतांतल्या कारखान्यांत हलवलं, असा ऑस्ट्रेलियातल्या एका संस्थेचा अंदाज आहे. त्यामुळे नुसत्या गावाच्या नावावर भरवसा ठेवू नका.

कृष्णाकाठची
पाकीट पाहिलं. आयातदाराचं नाव नाही. घाऊकवाल्याला फोन केला, तर म्हणतो, "मॅडम, केस आहेत, केशर नाही. पाहिजे तर घ्या." पक्कं बिल मागितल्यावर आवाजच बदलला.

शंकासुर दादा, सुटका कुणाचीच होणार नाही, कबूल. पण पिना खोवताना मावशीला उत्तर माझ्या तोंडून द्यायचंय, तुमच्या नाही.

ते नऊ नग वापरून टाकणार आहे. फेकून ते कुणाच्या डोक्यावर परत जाणार नाहीत. चेन्नईच्या एका निर्यातदाराकडे सहा नग सांगितलेत, तिरुमलाच्या देवळात भाविकांनी वाहिलेले, लिलावातले केस म्हणतो, बिल देतो, पण किंमत पावणेदोनपट आणि वाट तीन आठवडे. वैशाखातल्या नवऱ्यांना आधीच सांगून ठेवलंय की शेपटा हवा तर पाचशे रुपये जास्त. दोघी तयार झाल्या, एक म्हणाली, "नको, मोगऱ्याचे गजरे वाढवा."

आणि खानदेशी, कोप्पळ आम्हाला चेन्नईपेक्षा जवळ. तिथून थेट पाच-सहा नग देणारं कुणी आहे का? गुंता सोडवणाऱ्या बायकांना रोज किती पडतो, तेही विचारून सांगा.