एकोणचाळिसाव्या वर्षी बी.एड.? मदत हवी आहे

मंडळी, बी.एस्सी. गणित, पण गेली १६ वर्षं फोर्टातल्या ऑफिसात क्लेम्सच्या फायली तपासतोय. राहतो भांडुपला. रविवारी सोसायटीतल्या पाच-सहा पोरांना गणित शिकवतो. परवा भाकरीचे तुकडे करून अपूर्णांक दाखवले, तर एक चिमुरडी म्हणाली, "काका, एवढंच होतं?" तेव्हापासून फायलींत मन लागेना.

शिक्षक व्हायचं तर बी.एड. हवं. ते २ वर्षांचं, आधी सीईटी, शिवाय २० आठवडे शाळेत प्रत्यक्ष काम. म्हणजे नोकरी सांभाळून जमणं कठीण. मुक्त विद्यापीठाचं बी.एड. आधीच शिकवत असलेल्या शिक्षकांसाठी, तिथेही दार बंद. घरखर्च १४ महिने निघेल एवढी शिल्लक आहे. फ्लॅटचा हप्ता मात्र थांबत नाही. बायकोचा पाठिंबा आहे, आईला अजून सांगितलेलं नाही (सांगायची हिंमत नाही, खरं तर).

चाळिशीच्या आसपास असा बदल केलेलं कुणी आहे का? ती २ वर्षं पैशांचं कसं भागवलंत? की आधी वर्षभर संध्याकाळी एखाद्या क्लासमध्ये शिकवून बघू? आणि खाजगी शाळा या वयाच्या नवख्याला उभं करतात का, हेही मोकळेपणाने सांगा.