मदत हवी आहे : पोषण कार्यक्रमाच्या मूल्यमापनात करिअर करायचंय, आधी एमपीएच की आधी फील्ड?

प्रश्न (मलप्रभाकाठ)
एमएसडब्ल्यू (समाजकार्यातलं पदव्युत्तर शिक्षण) झालंय. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात ६० अंगणवाड्यांच्या बेसलाइनला (कार्यक्रमाआधीच्या मोजणीला) सुपरवायझर म्हणून जायचंय. आधी एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) करू, आर (आकडेवारीचं सॉफ्टवेअर) शिकू की काय? सॅम्पल (मोजायच्या मुलांची संख्या) किती धरायचा? कार्यक्रम वर्षभराचा आहे, खुजेपणा (वयाच्या मानानं कमी उंची) ५ टक्क्यांनी कमी झालेला दाखवायचाय, ३५ वरून ३०.

प्रतिसाद (उंचीफळी)
आधी मोजायला शिका. आर दोन महिन्यांत येतं, चुकीची उंची मात्र कुठल्याच सॉफ्टवेअरला दुरुस्त होत नाही.

दोन वर्षांखालचं मूल आडवं, त्यापुढचं उभं. लहानग्याला उभं मोजलंच, तर ०.७ सेंमी मिळवा. आडवं मोजायला माणसं दोन लागतात: एक डोकं फळीला टेकवून धरणार, दुसरा गुडघे दाबून सरकफळी टाचांना लावणार. वाचन ०.१ सेंमीपर्यंत. सगळे आकडे .० आणि .५ वर संपत असतील तर ती टीम अंदाजे लिहितेय, त्याच संध्याकाळी पकडा. फील्डला जायच्या आधी दहा मुलं प्रत्येकाकडून दोनदा मोजून घ्या.

आणि वय! ७१.५ सेंमीचा मुलगा १२ महिन्यांचा असेल तर खुजा नाही (डब्ल्यूएचओच्या वाढतक्त्यात खुजेपणाची हद्द, म्हणजे उणे दोनची रेघ, ७१.०), १३ चा असेल तर खुजा (७२.१). एका महिन्याची चूक आणि निष्कर्ष उलटा. म्हणून जन्मतारीख आईच्या तोंडून नको, तायी कार्डावरून (कर्नाटकातलं माता-बाल आरोग्य कार्ड) घ्या. कार्ड नसेल तर गणपती, दसरा, ऊसतोड धरून महिना काढा.

प्रतिसाद (गुच्छवाला)
सॅम्पलचं बघा की. नुसतं प्रमाण काढायचं असेल तर खुजेपणा ३५ टक्के धरून, पाच टक्के इकडेतिकडे चालत असेल तर ३५० मुलं. गुच्छ पद्धतीसाठी (सुटी मुलं न निवडता आधी अंगणवाड्या निवडायच्या) दीडपट, ५२५. दहा टक्के गळती धरून ५८४. तीस अंगणवाड्या, प्रत्येकी वीस मुलं.

पण ३५ वरून ३० झालं हे सिद्ध करायचं, तर तुलनेच्या प्रत्येक गटात साधारण १,३७० मुलं लागतात, गुच्छामुळे दोन हजारांवर. ६० अंगणवाड्यांत तेवढी मुलं मिळणं अवघड. शिवाय खुजेपणाचं प्रमाण वर्षभरात फारसं हलत नाही. देणगीदाराला हे आत्ताच सांगा, एंडलाइनला (शेवटच्या मोजणीला) सांगून उपयोग नाही. मुख्य निर्देशक आहारवैविध्य ठेवा: ६ ते २३ महिन्यांच्या मुलानं काल आठपैकी पाच अन्नगट खाल्ले का. आईचं दूध हाही एक गट.

बेसलाइन पावसाळ्यात आणि एंडलाइन सुगीनंतर, असलं करू नका. वजन ऋतूनं वाढतं, श्रेय कार्यक्रमाला जातं. महिना तोच हवा, आणि कार्यक्रम नसलेल्या तशाच अंगणवाड्या तुलनेला हव्यात.

प्रतिसाद (दोन_भाषा)
रजिस्टर कन्नडात, आई बोलणार मराठी. प्रश्नावली दोन्हींत करा आणि दुसऱ्याच माणसाकडून उलटं भाषांतर करून ताडा. 'पालेभाजी' आणि 'भाजी' इथंच गोंधळ होतो. भेंडी इतर भाज्यांच्या गटातली, ती पालेभाज्यांत गेली की गटांची बेरीज चुकलीच.

एमपीएचचं म्हणाल तर एक फेरी फील्ड करून मग घ्या. लोकसंख्या आणि आकडेवारीकडे ओढा असेल तर मुंबईच्या आयआयपीएसचे (लोकसंख्या अभ्यासाची संस्था), आहाराकडे असेल तर हैदराबादच्या एनआयएनचे (राष्ट्रीय पोषण संस्था) अभ्यासक्रमही बघा. अर्जात 'सर्वेक्षणाचा अनुभव' एवढंच लिहू नका. किती मुलं, किती पुनर्मोजणी, तांत्रिक त्रुटी (तेच मूल पुन्हा मोजल्यावर पडणारा फरक) किती सेंमी, ते लिहा. आणि हो, नीतिसमितीची (एथिक्स कमिटीची) मंजुरी बेसलाइनच्या आधी. नंतरची चालत नाही.