मटण स्ट्रीटवरच्या तीन जुन्या एअरगन : घेण्याआधी काय काय तपासावं?

माशी_आणि_खाच

मंडळी, चोरबाजारात मटण स्ट्रीटवरच्या एका दुकानात ग्रामोफोनच्या मागे तीन जुन्या एअरगन उभ्या आहेत. तिन्हींवर कुणीतरी भरपूर हातकाम केलंय. असं काम कुठल्याच कॅटलॉगात सापडत नाही, म्हणून इथे विचारतो.

पहिली बंदूक नळी मोडून (म्हणजे बिजागरीवर खाली वाकवून) भरायची. सिलिंडरवर बंदूक उंचावलेली डायना देवी (डायना या जर्मन कंपनीची खूण) आणि पुसट ‘मॉड. २७’. नळी मात्र बिजागरीपासून जेमतेम ३० सेंमी. तिच्यावर पितळी पाइप चढवलाय, तो नळीच्या तोंडापुढे आणखी १२ सेंमी जातो आणि माशी (नेम धरायची पुढची खूण) त्या पाइपावर डाखलेली आहे. कुंदा (खांद्याला टेकायचा लाकडी भाग) नंतरचा, सागवानी.

दुसरी वेब्ली मार्क ३, खालच्या दांड्याने ताणायची. छर्रा भरायच्या टॅपची मूठ तुटलेली, तिच्या जागी नट वेल्ड केलाय. कुंदा मानेत मोडलेला, दोन्ही बाजूंनी पितळी पट्ट्या रिव्हेट केल्यात.

तिसरीवर नाव-गाव काही नाही. नळी आतून गुळगुळीत, आटे (आतल्या पिळदार खाचा) नाहीत. चापाभोवतीचं कडं सळई वाकवून केलेलं. ताणायला अगदी हलकी.

दुकानात बार काढून बघता येणार नाही. तर काय तपासू आणि कुठली घेण्यासारखी आहे?

चौपाटी_नेम

पहिली आणि तिसरी बहुधा फुगे फोडायच्या स्टॉलवरच्या. चौपाटीवर किंवा जत्रेत दिवसभर चालणाऱ्या बंदुकीला जी दुखणी होतात, त्याच जागी हे सगळं काम झालेलं दिसतंय.

२७ ची मूळ नळी सुमारे ४४ सेंमी असते. स्टॉलवर नळीचं तोंड सारखं वाळूत टेकतं, आपटतं, कड खराब होते. त्याहून वाईट म्हणजे नळी उघडी असताना कुणीतरी चाप ओढतो. मग नळी झटक्याने वर येऊन बिजागरीपुढे वाकते आणि छर्रे कायम उंच जातात. अशा वेळी पुढचा भाग कापून टाकणं हा सोपा उपाय. पण ही नळीच ताणायचा दांडा असते. ४४ सेंमीवर १० किलो जोर लागत असेल, तर ३० सेंमीवर साडेचौदाच्या वर लागणार. म्हणून पाइप. ३० अधिक १२ म्हणजे ४२, हाताला जवळजवळ मूळ नळीइतकाच दांडा मिळाला. ज्याने हे केलं त्याला बंदूक कळत होती.

तिसरीची गुळगुळीत नळी केसाळ शेपटीच्या डार्टसाठी असावी. आटे असलेल्या नळीतून पोलादी डार्ट मारले की आटे खरवडले जातात. हलकं ताणणं म्हणजे स्प्रिंग कापलेली. दिवसात शेकडो वेळा ताणायची बंदूक जड ठेवून चालत नाही, आणि दोन-तीन मीटरवरच्या फळीवरून छर्रा उलटा येऊ नये हाही हेतू असतो.

लेथ_परळ

वरचं निदान पटतं. आता दुकानात काय बघायचं ते.

सगळ्यात आधी बंदूक ताणलेली नाही याची खात्री करा. मगच २७ ची नळी मोडा, नळीचं मागचं टोक पांढऱ्या कागदाकडे धरा आणि पुढून, पाइपाच्या तोंडातून बघा. दोन वर्तुळं दिसतील, आतलं नळीच्या तोंडाचं आणि बाहेरचं पाइपाचं. दोन्हींचा मध्य एक हवा. पाइप तिरका असेल, तर छर्रा बाहेर पडताना त्याच्या कडेला घासू शकतो आणि मग नेम एका जागी बसत नाही. नंतर लांब काडीला कापूस गुंडाळून पाइपातून नळीच्या तोंडापर्यंत घाला आणि हळू फिरवा. कापसाचे धागे अडकले तर हॅकसॉने कापून कड तशीच सोडलेली आहे. ती दुरुस्त होते: पाइप उतरवायचा, गोल डोक्याचा पितळी स्क्रू हळू फिरणाऱ्या ड्रिलमध्ये धरायचा, डोक्याला व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावायची आणि हात सतत गोल हलवत कड घासायची. नळीत कापसाचा बोळा घालायला विसरू नका, नाहीतर पेस्ट आत जाऊन आट्यांची वाट लागेल.

डाख (कथील-शिशाचा जोड) आणि ब्रेझिंग (खूप तापवून पितळ वितळवून केलेला जोड) यातला फरक ओळखा. डाख चांदीसारखी दिसते आणि नखाने दाबल्यास मऊ लागते. ती कमी उष्णतेवर बसते, त्यामुळे माशी डाखलेली असेल तर हरकत नाही. पण सिलिंडरवर कुठेही पिवळट ब्रेझिंग किंवा वेल्डिंग दिसलं तर थांबा. तेवढ्या उष्णतेने सिलिंडर आतून गोल राहत नाही, पापुद्रा धरतो आणि पिस्टनवर नवा वॉशर (हवा अडवणारी चकती) घातला तरी लवकर फाटतो. तिसरी गन या कसोटीवर नीट तपासा, कारण तिचा दांडा आणि कडं नक्कीच जोडलेलं असणार.

कुंदा नवा आहे म्हणून २७ ची किंमत पाडून मागा, पण गन नाकारू नका. सागवान वजनाला बरं आणि पावसाळ्यात फारसं फुगत नाही.

टॅपलोडर

वेब्लीबद्दल लिहितो. मार्क ३ बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉटने १९४७ ते १९७५ या काळात केली. तिचा जीव त्या टॅपात आहे. टॅप म्हणजे निमुळती खुंटी, तिला आरपार भोक, त्यात छर्रा. बंद केल्यावर ते भोक मागच्या हवेच्या वाटेशी आणि पुढच्या नळीशी बरोबर जुळलं पाहिजे. टॅप बंद करून तोंडाकडून टॉर्च मारा. गोल भोकाऐवजी चंद्रकोर दिसली तर जुळणी गेलेली.

वेल्ड केलेला नट ही माझी मुख्य शंका आहे. उष्णतेने खुंटी वाकडी झाली असेल तर हवा फुसकन बाजूने जाते. पुष्कळ लोक मग पेस्ट लावून खुंटी घासतात. थोडं घासणं ठीक, पण निमुळती खुंटी जितकी घासाल तितकी आत बसते आणि भोक सरकतं. गळती थांबते आणि छर्रा कापला जायला लागतो. त्यापेक्षा चांगल्या टर्नरकडून नवी खुंटी करून घ्या आणि भोक खुंटी जागेवर बसवल्यानंतरच, नळीतून मार्गदर्शक घालून पाडायला सांगा.

आता कायदा. आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे बोअर (नळीच्या भोकाचा व्यास) ४.५ मिमीपर्यंत आणि ऊर्जा २० ज्यूलपर्यंत असेल तरच एअरगनला परवाना लागत नाही. लोक ऊर्जेची काळजी करतात आणि बोअर विसरतात. ०.५२ ग्रॅमच्या छर्ऱ्याला २० ज्यूल गाठायला सेकंदाला सुमारे २७७ मीटर वेग हवा. या तिघींपैकी कुणीही तिथे पोचणार नाही, १५० मीटरला तर जेमतेम ६ ज्यूल भरतात. पण २७ आणि मार्क ३ दोन्ही ५.५ मिमीमध्येही येत, आणि हातकाम झालेल्या गनवर छापील आकड्याचा भरवसा नाही, नळी बदललेली असू शकते. विणकामाची ५ मिमीची प्लास्टिकची सुई न्या. नळीच्या तोंडात गेली तर गन ५.५ ची, परवान्याशिवाय हात लावू नका. नाही गेली तर ठीक. धातूची सुई नको, कड खराब होते. २७ ला पाइप असल्याने सुई मागच्या बाजूने लावून बघा. घेताना बिल घ्या, ओळखपत्राची प्रत द्या.

माशी_आणि_खाच

सुई लावून पाहिली. वेब्लीत सरळ आत गेली, तेव्हा तो विषय संपला. २७ आणि तिसरी ४.५ च्याच. २७ ची दोन वर्तुळं एकात एक आहेत, कापूस मात्र अडकला. सिलिंडरच्या मागच्या टोकाला ‘०८ ७२’ असे बारीक आकडे आहेत. तिसरीच्या सिलिंडरवर दांड्याच्या खाचेशी पिवळं ब्रेझिंग आहे. २७ घ्यावी म्हणतो. उघडायची कशी?

लेथ_परळ

०८ ७२ म्हणजे ऑगस्ट १९७२, जर्मनीतल्या रास्टाटची.

नुसत्या हाताने उघडू नका. आतली स्प्रिंग दाबलेली असते, पिना निघाल्या की मागचा भाग तोंडावर येतो. कुंद्यातून काढून सुताराच्या लांब शिकंज्यात धरा, मागे लाकडी ठोकळा लावून किंचित दाबा, मगच चापाच्या पेटीच्या दोन आडव्या पिना ठोकून काढा आणि शिकंजा हळूहळू सैल करा. पेटीत तीन पोलादी गोळ्या असतात, त्या घरंगळतात. खाली परात ठेवा. परत बसवताना गोळ्या घट्ट ग्रीसमध्ये चिकटवून ठेवायच्या.

पिस्टनवर सायकल पंपाचा कापलेला वॉशर निघाला तर आश्चर्य नको. तो टाका. ३ ते ४ मिमी जाड, झाडाच्या सालीने कमावलेलं चामडं कोमट पाण्यात भिजवून साच्यात वाटीसारखं दाबा, पूर्ण एक दिवस सुकू द्या, मग नीट्सफूट तेल (गुरांच्या पायांच्या हाडांचं तेल) मुरवा. शिवणयंत्राचं तेल सिलिंडरमध्ये घालू नका. दाबाखाली ते पेटतं, बार मोठा होतो आणि स्प्रिंग मोडते.

स्प्रिंगची टोकं बघा. कापलेलं टोक तापवून, दाबून, सपाट घासलेलं नसेल तर ते पिस्टनला आतून खरवडतं. नवी मागवताना तारेची जाडी, बाहेरचा व्यास, वेढे आणि मोकळी लांबी ही चारही मापं द्या.

चौपाटी_नेम

एक विनंती. पितळी पाइप काढून फेकू नका आणि ४४ सेंमीची नळीही शोधू नका. कड घासून झाली की पाइप त्याच जागी बसवा, बसवण्यापूर्वी नळीवर कुठवर होता तिथे खूण करून ठेवा. पितळ पॉलिशने चकाकवू नका, हात लागून जिथे काळवंडलंय ती जागा बरोबर ताणताना धरायची आहे.

तिसरी कमी पैशांत देत असेल तर तीही घ्या, मारायला नाही, भिंतीवर लावायला. असं काम करणारे हात आता फारसे उरले नाहीत.