शब्दचर्चा: फ्रेम गळते, हुकते की गाळली जाते?

मूळ प्रश्न

आमच्या गावच्या वाचनालयात व्हीएचएस कॅसेटींचं एक कपाट आहे. कीर्तनं, गणेशोत्सवातली नाटकं, शाळेची स्नेहसंमेलनं, बहुतेक सगळं १९९० नंतरच्या दहा वर्षांतलं. कॉलेजातली चार मुलं डोंगल (व्हीसीआरचं चित्र यूएसबीने संगणकात आणणारं छोटं उपकरण) लावून ते संगणकावर उतरवून घेताहेत आणि त्यांच्यासाठी मी मराठीत सूचनापत्रक लिहितो आहे. 'कॅप्चर'ला 'उतरवून घेणे' चटकन सुचलं, कारण गाणी आपण तशीच उतरवून घ्यायचो. 'ड्रॉप्ड फ्रेम'पाशी, म्हणजे एकापाठोपाठ येणाऱ्या चित्रांतून हरवलेल्या एखाद्या चित्रापाशी, मात्र अडलो. मुलं 'फ्रेम उडाली' म्हणतात, एक जण 'कार्ड फ्रेम खातंय' म्हणतो. 'पडलेली चौकट' लिहिलं तर डोळ्यांसमोर दार येतं.

दुसरा शब्द 'रेझोल्यूशन'. त्यांच्यातल्या एकाने विचारलं, "काका, डोंगलच्या खोक्यावर फोर-के लिहिलंय, मग कीर्तनकारांचा चेहरा इतका पुसट का?" उत्तर देता देता कळलं की या एका शब्दात मीच दोन गोष्टी मिसळतो आहे.

प्रतिसाद

'गळणे' घ्या, नवा शब्द घडवायची गरज नाही. मुद्रितं तपासताना समासात 'इथे एक ओळ गळली' असं मी वर्षानुवर्षं लिहिलं आहे. मतदार यादीतून नाव गळतं. शाळेतून मुलं गळतात, त्याला 'गळती' हा शब्द सरकारी कागदांतही रुळला आहे. क्रमात असायला हवं ते नाही आणि कोणी मुद्दाम काढलेलंही नाही, एवढा अर्थ त्या दोन-तीन अक्षरांत बसतो.

शेजारीच 'गाळणे' आहे. 'गाळलेल्या जागा भरा' या प्रश्नात शब्द कोणीतरी ठरवून काढलेला असतो. गळ आणि गाळ, एका कान्याचा फरक, पण त्या कान्याबरोबर कर्ता वाक्यात येऊन उभा राहतो. इंग्रजी 'ड्रॉप'मध्ये सांडणारा आणि टाकणारा एकाच क्रियापदात राहतात. आपल्याकडे सोय आहे तर ती वापरावी.

'फ्रेम खाणे'ही मला परका वाटत नाही. भराभर बोलणारा अक्षरं खातो, तबल्यावर मात्रा खाल्ली जाते. बोलण्यात चालू द्या, पत्रकात 'गळणे' लिहा.

प्रतिसाद

ताई, तुम्ही सांगितलेला फरक यंत्राच्या आत खरोखर आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

ओबीएस या रेकॉर्डिंग आणि थेट प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमध्ये आकडेवारीची खिडकी उघडली की तीन वेगळे आकडे दिसतात आणि इंग्रजीत त्यांना तीन वेगळी क्रियापदं आहेत: मिस्ड, स्किप्ड, ड्रॉप्ड. लोक तिन्हींना सरसकट 'फ्रेम ड्रॉप' म्हणतात आणि मग एका रोगाचं औषध दुसऱ्याला देतात. 'इंटरनेट बदला' हा सल्ला मी अशा माणसाला दिलेला पाहिला आहे, जो फक्त स्वतःच्या डिस्कवर रेकॉर्डिंग करत होता.

मिस्ड म्हणजे चित्र रचायची वेळ आली तेव्हा ग्राफिक्स कार्ड दुसऱ्या कामात गुंतलेलं होतं. वेळ टळली. याला 'हुकलेली' म्हणावं, गाडी हुकते तशी. उपाय ग्राफिक्सचा भार कमी करणं.

स्किप्ड म्हणजे चित्र तयार झालं, पण एन्कोडर (चित्र दाबून लहान करणारा भाग) मागच्याच फ्रेममध्ये अडकलेला आहे, म्हणून ती घ्यायची राहिली. 'राहून गेलेली' किंवा 'वगळलेली'. इथे एन्कोडरचा अधिक वेगवान प्रीसेट (तयार सेटिंग) निवडायचा, किंवा ते काम हार्डवेअर एन्कोडरकडे द्यायचं, नाहीतर चित्राचं आकारमान कमी करायचं.

आणि ज्याला ओबीएस ड्रॉप्ड म्हणतं, ती थेट प्रक्षेपणातली गोष्ट. अपलोड तुंबलं की मागे पडू नये म्हणून सॉफ्टवेअर स्वतःच काही फ्रेम टाकून देतं, त्यातही कमी महत्त्वाच्या आधी. म्हणजे इंग्रजी जिथे 'ड्रॉप्ड' लिहितं, तिथे मराठीत नेमका शब्द 'गाळलेल्या' हवा. कॅसेट उतरवताना या आकड्याचा संबंधच येत नाही.

काकांच्या मुलांचा त्रास बहुधा चौथाच आहे. डोंगल आणि संगणक यांच्या मध्येच फ्रेम नाहीशी होते. वरच्या तीन आकड्यांत ती येत नाही. तिन्ही शून्य दिसतात आणि चित्र तरीही अडखळतं. हीच खरी 'गळलेली'. व्हर्च्युअलडब या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये कॅप्चर करताना तिचा वेगळा आकडा दिसतो, त्यासाठी मी ते अजून ठेवलं आहे. आधी डोंगल हबमधून काढून थेट संगणकाच्या पोर्टमध्ये लावून बघा. आमच्याकडे दोनदा एवढ्यानेच भागलं. बाकी काही जाणवलं तर लिहा.

प्रतिसाद

'रेझोल्यूशन'बद्दल. दुर्बीण आणि सूक्ष्मदर्शकावरच्या मराठी लेखनात 'विभेदनक्षमता' हा शब्द येतो. जवळजवळचे दोन ठिपके वेगळे दिसण्याची ताकद, असा त्याचा अर्थ. १९२०×१०८० हा आकडा मात्र ताकद सांगत नाही, पिक्सेल किती ते सांगतो. त्याला साधं 'आकारमान' म्हणा. विभेदन आणि आकारमान असे दोन शब्द हाताशी असले की त्या मुलाला उत्तर देता येतं.

आपल्याकडच्या कॅसेटी पाल या टीव्ही पद्धतीच्या. एकूण ६२५ रेषा, त्यातल्या चित्राच्या ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. म्हणून आकारमान ७२०×५७६ घ्यायचं. पण व्हीएचएसचं आडवं विभेदन, म्हणजे एका रेषेत शेजारी शेजारी वेगळं दिसू शकतं ते, साधारण २४० रेषांएवढंच आहे. चेहरा पुसट आहे तो कॅसेटमध्येच पुसट आहे. फोर-के निवडून पुसट चेहरा मोठा होतो, स्पष्ट होत नाही.

खोक्यावरचा फोर-के अनेकदा आत येणाऱ्या सिग्नलबद्दल असतो. संगणकाला मिळतं ते १०८०, तेही दाबलेल्या (कॉम्प्रेस केलेल्या) मोशन जेपेग स्वरूपात. का, ते हिशेब केला की कळतं. न दाबलेल्या चित्रात दर पिक्सेलला २ बाइट धरा. ७२०×५७६ ला सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे सुमारे २०.७ मेगाबाइट. १९२०×१०८० ची फ्रेम त्याच्या बरोबर पाचपट. म्हणजे ज्या वाटेने २५ लहान फ्रेम जातात, तिथून मोठ्या ५ च जातील. १०८० ला सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर जवळपास २४९ मेगाबाइट लागतात, आणि यूएसबी २ ची कागदावरची मर्यादाच सेकंदाला ६० मेगाबाइट आहे. म्हणून असं डोंगल न दाबलेलं चित्र मागितलं की बऱ्याचदा सेकंदाला ५ फ्रेम देतं. त्या २० फ्रेम गळल्या असं आपल्याला वाटतं. त्या मुळात घेतल्याच नव्हत्या, आणि जे घेतलंच नाही त्याला गळणं म्हणू नये. पत्रकात तिथे 'मर्यादा' लिहा.

डिस्कही तपासा. न दाबलेला एक तास सुमारे ७५ गिगाबाइट होतो, आणि पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर फाइल ४ गिगाबाइटला थांबते.

प्रतिसाद

एक शब्द राहिला. टेपवरचा लेप जुना होऊन सुटतो आणि पडद्यावर पांढऱ्या रेघा चमकून जातात, त्याला जाणकार 'ड्रॉपआउट' म्हणतात. ऐकणारा 'ड्रॉप' ऐकतो आणि संगणक बदलायला निघतो. फ्रेम पूर्ण आलेली असते, तिच्यातला तुकडा गेलेला असतो. मी याला 'झडणे' म्हणेन. भिंतीचा गिलावा झडतो, तसाच लेप झडतो. अशी कॅसेट वारंवार चालवून बघू नका.

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. काल डोंगल थेट पोर्टमध्ये लावलं. त्याआधी कीर्तनाच्या एका कॅसेटमध्ये ५० फ्रेम गळल्या होत्या. एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद, त्यामुळे शेवटी शेवटी चित्र आवाजाच्या २ सेकंद पुढे गेलं होतं. टाळ आधी दिसायचा, मग ऐकू यायचा. काल पुन्हा उतरवली तेव्हा गळती शून्य.

पत्रकात हुकलेली, राहून गेलेली, गाळलेली, गळलेली आणि झडलेली असे पाच शब्द घेतले, प्रत्येकापुढे काय तपासायचं ते लिहिलं. विभेदन आणि आकारमानही वेगळे केले. आता एकच अडचण. गळलेल्या फ्रेमच्या जागी सॉफ्टवेअर मागचीच फ्रेम पुन्हा बसवतं, इंग्रजीत तिला इन्सर्टेड म्हणतात. 'घुसवलेली' मला कठोर वाटतं.

प्रतिसाद

'भरीची फ्रेम'. ओळीतल्या मात्रा पुऱ्या व्हाव्यात म्हणून कवी भरीचा शब्द घालतो, तशी.