जालन्यातील ब्रिटिश सिस्टरांचे पदक आणि बिल्ला: माहिती हवी आहे

जालनेकर

नमस्कार. माझी आजी १९५० च्या दशकात जालन्यातील एका मिशनच्या दवाखान्यात आया म्हणून कामाला होती. तिथल्या ब्रिटिश सिस्टरांनी मायदेशी परतताना तिला एक छोटी पुठ्ठ्याची पेटी दिली, ती आता माझ्याकडे आली आहे. तीत चांदीसारखा दिसणारा, मुकुट आणि ‘ए. आर. पी.’ ही इंग्रजी अक्षरे असलेला बिल्ला आहे, आणि सहाव्या जॉर्ज राजाचा चेहरा असलेले एक गोल पदक आहे, ज्यावर कुणाचेही नाव नाही. सोबतच्या पत्रात सिस्टरांनी स्वतःविषयी फार थोडे लिहिले आहे: जन्म १९१९ चा, चौदाव्या वर्षी इंग्लंडमधील लँकेशायरच्या कापडगिरणीत मागावर लागल्या, १९४१ मध्ये गिरणी बंद झाली, आणि युद्ध संपल्यावर त्यांनी परिचारिकेचे शिक्षण घेतले. मधल्या चार वर्षांबद्दल एक अक्षरही नाही. त्या सैन्यात होत्या का?

आजी एक गोष्ट नेहमी सांगत असे. सिस्टर रात्रीच्या फेरीत रुग्णांबरोबर व्हरांड्यात पडलेले नातेवाईकही मोजत, आणि कोण कुठे झोपले आहे हे वहीत टिपल्याशिवाय स्वतः झोपायला जात नसत.

जुनी_नाणी (छत्रपती संभाजीनगर)

ताई, बिल्ला सैन्याचा नाही. ए. आर. पी. (एअर रेड प्रिकॉशन्स) ही हवाई हल्ल्यांपासून नागरिकांच्या बचावाची व्यवस्था होती. तिचा कायदा १ जानेवारी १९३८ पासून अमलात आला, आणि तिच्यातले बहुतेक वॉर्डन (गल्लीचे पहारेकरी) दिवसा आपापली नोकरी करून रात्री विनावेतन पहारा देणारे साधे लोक होते. बिल्ला उलटा करून पाहा. पुरुषांच्या बिल्ल्याला मागे कोटाच्या काजात अडकवण्यासाठी चंद्रकोरीसारखी पट्टी असे, तर बायकांच्या बिल्ल्याला पिन असे. सुरुवातीचे बिल्ले अस्सल चांदीचे असून त्यांच्या मागे चालत्या सिंहाचा बारीक ठसा सापडतो. पुढे ते साध्या धातूचे झाले.

पदक ‘डिफेन्स मेडल’ असावे. मागच्या बाजूला दोन सिंह आणि १९३९, १९४५ हे आकडे असतील तर खात्रीच समजा. त्याच्या फितीतला मधला नारिंगी पट्टा आगीचा, हिरव्या कडा इंग्लंडच्या भूमीच्या आणि काळ्या रेघा ब्लॅकआउटच्या, म्हणजे रात्री दिवे झाकण्याच्या. नागरी संरक्षणात तीन वर्षे सेवा केलेल्यांना ते मिळे, आणि ब्रिटनमध्ये ते नाव न कोरताच दिले जाई. कृपा करून ते चिंचेने किंवा रांगोळीने घासू नका. वरचा थर एकदा गेला की परत येत नाही.

धोटा (नांदेड)

आपला प्रश्न वाचून राहवले नाही, कारण माझे वडील उस्मानशाही मिलमध्ये विणाईखात्यात होते आणि आयुष्यभर घरातही मोठ्यानेच बोलत. लँकेशायरच्या विणकर बायका मागांच्या त्या आवाजात ओठांच्या हालचालींवरून एकमेकींशी बोलत असत, आणि धोट्याच्या (मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनाच्या) भोकातून धागा तोंडाने ओढून घेत. १९४१ मध्ये सरकारने अनेक गिरण्या मुद्दाम बंद केल्या, कारण त्यांतले हात दारूगोळ्याच्या कारखान्यांना आणि युद्धाच्या इतर कामांना हवे होते. त्याच वर्षी डिसेंबरात वीस ते तीस वयाच्या अविवाहित स्त्रियांना सक्तीने सेवेत घेण्याचा कायदा झाला. सिस्टर तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या, म्हणजे त्यांची ती चार वर्षे बहुधा नागरी संरक्षणात गेली असावीत.

पगाराचे सांगितलेच पाहिजे. युद्धाच्या सुरुवातीला पूर्णवेळ पुरुष वॉर्डनला आठवड्याला तीन पौंड मिळत, स्त्रीला दोन. बाँबहल्ल्यात जखमी झालेल्या बाईला भरपाईसुद्धा पुरुषापेक्षा कमी मिळे. ती सारखी व्हायला १९४३ उजाडले. बाँब काही बाईमाणूस पाहून पडत नव्हता, याचा मला आजही राग येतो.

आता आपल्या आजींच्या गोष्टीबद्दल. वॉर्डनचे काम दिवे झाकायला लावून संपत नसे. आपल्या वाट्याच्या गल्लीत कोणत्या घरात किती माणसे आहेत, आणि त्यातले कोण रात्री जिन्याखाली, कोण तळघरात, कोण अंगणातल्या निवाऱ्यात झोपते, हे त्याला माहीत असावे लागे, कारण घर कोसळल्यावर सुटका पथकाने नेमके कुठे खणायचे हे तोच सांगू शके. १९४० च्या डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर, मँचेस्टरवर लागोपाठ दोन रात्री बाँब पडले. सिस्टरांची गिरणी त्या शहराच्या आसपास असेल, तर व्हरांड्यातली माणसे त्या का मोजत असत हे मला तरी कळते.

किल्लारीकर

२९ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनमध्ये घरोघरची नोंदवही झाली होती, ती आता इंटरनेटवर पाहता येते. तीत जन्मतारीख आणि व्यवसाय असतो, आणि उजवीकडच्या रकान्यात पुष्कळदा वॉर्डन असल्याची नोंदही असते. गृहिणींच्या नावापुढे ‘बिनपगारी घरकाम’ एवढेच लिहिलेले आढळते, पण उजवा रकाना पाहिला तर त्यांच्यातलीच एखादी रुग्णवाहिका चालवत असल्याचे कळते. तेव्हा तो रकाना सोडू नका.

जालनेकर

सर्वांचे मनापासून आभार. बिल्ल्यामागे पिन आहे; एका बाजूला वाकलेली असली तरी शाबूत आहे. भिंगातून पाहिल्यावर सिंहाचा ठसाही दिसला, म्हणजे गिरणी चालू असतानाच त्या या कामात आल्या असाव्यात. पत्रात जन्मतारीख आहे, त्यामुळे नोंदवहीत शोधायला आज रात्रीच बसते आहे.