ड्रायरचा थर्मल फ्यूज पंधरा दिवसांत दोनदा गेला, मूळ कारण शोधण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही बडोद्यात दांडिया बाजाराजवळ राहतो. सासूबाई गेल्या वर्षापासून अंथरुणावर आहेत, त्यामुळे रोज चार-पाच चादरी धुवाव्या लागतात आणि पावसाळ्यात त्या वाळवायला आमच्याकडे ड्रायरवाचून दुसरे साधन नाही. आमचा ड्रायर सात किलोचा असून दमट हवा नळीने बाहेर टाकतो. हीटर २००० वॅटचा आहे आणि जोडणी १६ अँपिअरच्या स्वतंत्र पॉइंटवर आहे. सहा वर्षांत त्याने एकदाही त्रास दिला नव्हता.

जुलैच्या सुरुवातीला एका रात्री ड्रम नेहमीसारखा फिरत होता, पंख्याचा आवाजही येत होता, पण तासाभराने दार उघडले तर चादरी ओल्या आणि थंडगार. दुरुस्तीला आलेल्या माणसाने मागचा पत्रा उघडून थर्मल फ्यूज बदलला आणि यंत्र चालू झाले. अकराव्या दिवशी पुन्हा तेच घडले. दुसऱ्या खेपेस तो म्हणाला, की हा फ्यूज असाच जात राहणार, तेव्हा त्याची दोन टोके वायरने थेट जोडून देतो. मी ते करू दिले नाही. हा फ्यूज हीटरच्या पत्र्याच्या पेटीला चिकटून बसवलेला आहे. पेटी मर्यादेपलीकडे तापली की तो कायमचा तुटतो आणि हीटर बंद पाडतो. ज्या यंत्रात सुती कपड्यांचे तंतू सतत उडत असतात, ते यंत्र या संरक्षणाशिवाय, आणि तेही ज्यांना स्वतःहून उठता येत नाही अशा माणसाच्या शेजारच्या खोलीत, चालवण्याची माझी तयारी नाही.

माझे वडील कलाभवनात, म्हणजे इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, इलेक्ट्रिकल शिकले होते आणि त्यांचा काट्याचा मीटर अजून माझ्याजवळ आहे. प्लग काढून आणि हीटरच्या वायरी सोडवून मी मोजणी केली. हीटरचा रोध २६ ओहमच्या आसपास आला, जो २३० व्होल्टला २००० वॅट या हिशेबात बरोबर बसतो. हीटरचे टोक आणि यंत्राचा पत्रा यांच्यामध्ये काटा जागचा हलला नाही, म्हणजे कॉइल लोंबून पत्र्याला टेकलेली नसावी. वीज गळती होताच पुरवठा तोडणारा आरसीसीबी स्विचही आजवर एकदाही ट्रिप झालेला नाही. ठरावीक तापमानाला हीटर बंद-चालू करणारा थर्मोस्टॅट शून्य ओहम दाखवतो. फ्यूज तेवढा तुटलेला आहे. कपड्यांचे तंतू अडवणारा लिंट फिल्टर मी प्रत्येक खेपेनंतर साफ करते. बाहेर जाणारी नळी साडेतीन मीटरची असून न्हाणीघराच्या झरोक्यातून मागच्या गल्लीकडे निघते. कबुतरे आत शिरू नयेत म्हणून उन्हाळ्यात तिच्या तोंडाला बारीक जाळी बसवून घेतली आहे.

माझा संशय व्होल्टेजवर आहे. रात्री अकरानंतर ते २५० पर्यंत चढते आणि फ्यूज दोन्ही वेळा रात्रीच गेला. २५० व्होल्टला हाच हीटर सुमारे २३५० वॅट घेईल. तेव्हा स्टॅबिलायझर घ्यावा, थर्मोस्टॅट बदलावा, की अन्यत्र शोध घ्यावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद

ताई, फ्यूज थेट जोडू दिला नाहीत हे फार योग्य केलेत. व्होल्टेजचा आपला हिशेब बरोबर आहे, परंतु मागची सहा वर्षेही आपण ड्रायर रात्रीच चालवत असाल, तर ते मूळ कारण ठरत नाही. स्टॅबिलायझरचा खर्च तूर्त करू नये.

थर्मोस्टॅट थंड असताना शून्य ओहम दाखवणारच. तापल्यावर तो उघडतो की त्याचे संपर्क चिकटून बसले आहेत, हे त्या मोजणीतून कळत नाही. त्यासाठी वायर न तोडता बाहेरून प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर हवा, आणि तो एकट्या फेजच्या वायरभोवती लावावा, कारण फेज आणि न्यूट्रल एकत्र धरल्यास मीटर शून्य दाखवतो. हे काम वायरमनकडूनच करून घ्यावे. नवा फ्यूज घालून, मागची नळी काढून ठेवून, यंत्र पंधरा-वीस मिनिटे चालवावे. हीटर चालू असताना नऊ-साडेनऊ अँपिअर दिसतील आणि थर्मोस्टॅट उघडला की प्रवाह एकदम खाली येऊन फक्त मोटरचा उरेल. तो खाली आलाच नाही, तर थर्मोस्टॅट बदलावा.

माझे लक्ष मात्र आपण ओघात लिहिलेल्या जाळीकडे गेले. फिल्टर कितीही स्वच्छ ठेवला तरी बारीक तंतू त्यातून निसटतात आणि अशा जाळीवर अडकतात. थर्मोस्टॅट बहुधा पंख्याजवळ, बाहेर जाणाऱ्या हवेत बसवलेला असतो. हवाच तुंबली तर हीटरची उष्णता त्याच्यापर्यंत उशिरा पोहोचते, तोवर पेटी भडकून तापते आणि तिला चिकटलेला फ्यूज आधी जातो. जाळी बसवल्यापासून कपडे वाळायला जास्त वेळ लागू लागला होता का, हे आठवून पाहावे.

धागाकर्तीचे उत्तर

आपले मनापासून आभार. वेळ जूनपासूनच वाढत होता. पूर्वी सव्वा तासात वाळणाऱ्या चादरींना दोन तास लागत होते आणि मी दमट हवेला दोष देत राहिले.

वायरमनला बोलावून नळी काढून चाचणी घेतली. सुरुवातीला ९.४ अँपिअर होते. चौदाव्या मिनिटाला टक् असा आवाज झाला आणि आकडा एकाच्या आसपास आला, मग थोड्या वेळाने पुन्हा वर गेला. थर्मोस्टॅट शाबूत आहे. त्यानंतर यजमानांनी शिडी लावून जाळी काढली. तिच्या आतल्या बाजूला करंगळीएवढ्या जाडीचा करडा, ओलसर थर बसला होता, अगदी घोंगडीसारखा घट्ट. नखाने कड उचलली तशी ती वडी अखंड सुटून हातात आली, आणि तिच्यात सासूबाईंच्या निळ्या चादरीचे धागे स्पष्ट दिसत होते.

आता जाळीच्या जागी हवेच्या जोराने उघडणारी आणि यंत्र थांबल्यावर आपोआप मिटणारी झडप बसवली आहे. आज तेविसावा दिवस आहे, फ्यूज टिकून आहे आणि चादरी पुन्हा सव्वा तासात वाळतात. आमची नळी पन्हाळीदार प्लास्टिकची आहे आणि तिच्या प्रत्येक वळीत तंतू साचलेले दिसले, म्हणून ती बदलून आतून गुळगुळीत असलेली ॲल्युमिनियमची कडक नळी घालण्याचा विचार आहे. झरोक्यापर्यंत काटकोनातली दोन वळणे टाळता येण्यासारखी नाहीत. तेवढ्यासाठी नळीचा व्यास वाढवावा का, की यंत्राच्या तोंडाइतकाच ठेवावा, याबद्दल कोणी अनुभवाने सांगू शकल्यास उपकृत होईन.